सोलापूरच्या उन्हात झाडांचे वायू मोजणाऱ्यांसाठी

झाडं आयसोप्रीन, मोनोटर्पीन असे कार्बनी वायू हवेत सोडतात हे वाचूनच तुम्ही या विषयाकडे वळला असाल, म्हणून ती ओळख टाळते. थेट पिशवीवर येते.

फांदीला टेफ्लॉनची पारदर्शक पिशवी बांधायची, आत स्वच्छ हवा सोडायची, बाहेर येणारी नळीत पकडायची. लोक विचारतात, "झाडाला सलाईन लावलंय का?" हसून घ्या. खरी गोम उन्हात आहे. सोलापुरात मे महिन्यात सावलीतच ४० च्या वर पारा जातो, पिशवीत त्याहून जास्त. आयसोप्रीन पानाच्या तापमानाबरोबर झपाट्याने वाढतं आणि साधारण ४० अंशांच्या पुढे उतरायला लागतं. त्यात तहानलेलं झाड पर्णरंध्रं मिटतं, बाष्प थांबतं आणि पान आणखी तापतं. मग वाढलेला आकडा पाण्याच्या ताणाचा की नुसत्या उष्णतेचा? माझा एक अख्खा उन्हाळा यातच गेला.

म्हणून पानाच्या खालच्या बाजूला बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवाच. हवेचं तापमान लिहून भागत नाही. त्याच जातीच्या दुसऱ्या झाडाला नियमित पाणी घाला आणि दोन्ही पानं सारख्याच तापमानाला असतानाचे आकडे शेजारी मांडा. मातीतली ओल रोज नोंदवा, कारण नुसतं 'दुष्काळ' लिहून काहीच कळत नाही. सौम्य ताणात प्रकाशसंश्लेषण घटतं, तरी आयसोप्रीन टिकतं, कधी वाढतंही. ते बनवायला झाड जुन्या साठ्यातला कार्बन वापरतं. रंध्रं मिटली तरी आयसोप्रीन अडत नाही, पानात दाटून बाहेर येतंच. ताण लांबला की मात्र घसरतं.

पिशवी बांधल्या बांधल्या नमुना घेऊ नका. निलगिरीचं पान जरा चुरगळलं तरी तेलग्रंथी फुटून मोनोटर्पीनचा पूर येतो. आणि टेनॅक्सच्या (वायू शोषून धरणाऱ्या भुकटीच्या) नळ्या प्रयोगशाळेत पडून आहेत म्हणून आयसोप्रीनसाठी वापरायचा शहाणपणा नको. ते इतकं हलकं असतं की टेनॅक्समध्ये टिकत नाही. त्याला कार्बनचं शोषक लागतं.

सोलापुरात जंगल कुठंय म्हणून खचू नका. माळढोक अभयारण्याचं नान्नज म्हणजे माळरान, हे खरं, पण ताण आणि ऊन एकत्र बघायला रस्त्याकडेची झाडंही पुरतात.

संशोधनासाठी गाइड निवडताना एवढंच बघा: एका दुपारी तुमच्याबरोबर झाडाखाली उभे राहतील का? एसीत बसून "मॉडेलमध्ये टाक, जमेल" म्हणणाऱ्यांना दुरूनच नमस्कार.