डोळ्यांपुढे चित्र न येणाऱ्या लेकराला नदी कशी शिकवावी

माझ्या डोळ्यांपुढे चित्र येत नाही. डोळे मिटले की नुसता अंधार, आईचा चेहरासुद्धा नाही. तरी मी परभणीत भूगोल शिकवते. म्हणून सांगते, एखादं लेकरू "मॅडम, मला काहीच दिसंना" म्हणालं तर त्याला रागावू नका. १८८० मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी लोकांना सकाळच्या न्याहारीचं टेबल आठवायला सांगितलं, तेव्हाच अशी माणसं आढळली होती. २०१५ मध्ये मेंदूचे डॉक्टर ॲडम झेमन आणि सहकाऱ्यांनी डोळ्यांपुढे चित्र न येण्याला 'अफँटेशिया' असं नाव दिलं. हा आजार नाही.

"डोळे मिटा, गोदावरी बघा" हे आधी बंद करा. नदी पायांनी शिकवा. वऱ्हांड्यात खडूनं गोदावरी काढा आणि लेकराला पैठणपासून पूर्वेकडं चालवा. उजव्या हाताला सिंदफणा मिळते, मग गंगाखेड, पुढं डाव्या हाताला पूर्णा, मग नांदेड. प्रत्येक ठिकाणी थांबून नाव मोठ्यानं म्हणू द्या. घाई करू नका, हाच खरा धडा आहे. चित्र न दिसणाऱ्या अनेकांना कोणती वस्तू कुठं होती हे चांगलं आठवतं. त्याचाच आधार घ्यायचा. नंतर कोऱ्या कागदावर तीच वाट काढून घ्या.

गोष्ट शिकवताना वर्णनापेक्षा कोण काय बोललं, पुढं काय झालं, यावर भर द्या.

पालकांनो, वेरूळच्या सहलीचे फोटो जपा आणि प्रत्येकाखाली त्या दिवसाच्या दोन ओळी लेकराकडूनच लिहून घ्या.