सेकंड हँड गाडी नावावर करताना या चुका टाळा

"काका, ट्रान्सफरची फी किती?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. कारची सरकारी फी ३०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० वेगळे. कर्ज काढून घेत असाल तर आरसीवर बँकेच्या कर्जाची नोंद, म्हणजे बोजा, चढवायचे १५००. मग पुढचा प्रश्न, "तरी एजंट पाच हजार मागतोय?" मागणारच, कारण तुम्हाला पुण्यातल्या संगम पुलाजवळच्या आरटीओत जायचा कंटाळा आहे. त्याची मजुरी द्या की, पण त्याला टॅक्स म्हणू नका. मजुरी वेगळी आणि पावतीचे पैसे वेगळे लिहून घ्या.

महाराष्ट्रातलीच खासगी गाडी एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जाते तेव्हा रोड टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही. पहिल्या मालकाने भरलेला वन टाइम टॅक्स गाडीबरोबरच येतो. कुणी "थोडा टॅक्स पडेल" म्हणालं तर कशाचा ते विचारा. व्यक्तीची गाडी कंपनीच्या नावावर घेत असाल तर मात्र फरक भरावा लागतो.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी नावावर करायच्या फॉर्मवर, सह्या.

माझी जुनी वॅगन-आर मी ओळखीतल्याच एका मुलाला विकली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या. घेणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. "पुढच्या आठवड्यात करून घेतो," म्हणाला. तो आठवडा चौदा महिने उगवला नाही. उगवले ते ई-चलनाचे मेसेज. हडपसरला सिग्नल तोडला, वाघोलीत नो पार्किंग, मग एक्स्प्रेस वेवर वेगाचे दोन हजार. हा शेवटचा मेसेज आला तेव्हा मी घरी मटार सोलत बसलो होतो. शोध घेतला तर गाडी आणखी दोघांच्या हातून फिरून दौंडकडे पोचलेली. तिसऱ्या मालकाने डॅशबोर्डच्या खणातून माझेच फॉर्म काढून दाखवले. सहीवर तेलाचा डाग, तारखेची जागा अजून कोरी.

चलनांवर निभावलं हे नशीब. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्टच सांगितलं, की गाडी कितीही हातांतून फिरो, अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक.

तेव्हापासून माझी सवय अशी. विकताना फॉर्म पूर्ण भरल्याशिवाय सही नाही, आणि गाडी ताब्यात दिल्याच्या डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळसुद्धा. घेताना वीस हजार हातात राखायचे, ते परिवहनच्या साइटवर नाव बदललेलं दिसल्यावरच द्यायचे. समोरचा रुसतो, "विश्वास नाही का?" आहे म्हणून तर वीसच राखलेत.

टोकन देण्याआधी नोंदणीत कोणता मोबाइल नंबर आहे तेही बघा. ओटीपी तिथेच जातो, आणि तो नंबर कधी बंद पडलेला असतो, कधी भलत्याचाच निघतो.

परराज्यातली स्वस्त गाडी हा आयटीतल्या पोरांचा लाडका शॉर्टकट. वाकडला राहणाऱ्या भाच्याने केए पाटीची, म्हणजे कर्नाटकातली, गाडी घेतली, साठ हजार वाचले म्हणून पेढे वाटले. मग तिकडच्या आरटीओची एनओसी, मग नवा नंबर, मग इथला टॅक्स. गाडीच्या वयाप्रमाणे टॅक्स कमी होतो, पण हिशोब मूळ किमतीवरून होतो, तुम्ही घासाघीस करून पाडलेल्या किमतीवरून नाही. जुन्या राज्याकडून परतावा मागता येतो, पण इथली नोंदणी झाल्यावर, आणि त्यासाठी तिकडच्या ऑफिसचे खेटे. साठ हजार कुठे गेले ते त्याला विचारू नका.

जीएसटीवरूनही लोकांना गंडवलं जातं. दोन खासगी माणसांच्या व्यवहारात तो लागतच नाही. डीलरला १८ टक्के लागतो, पण सहसा त्याच्या नफ्यावर. त्याने पाच लाखांना घेऊन पाच साठला विकली तर साठ हजारांवर १०,८०० रुपये. अख्ख्या किमतीवर १८ टक्के लावलेलं बिल समोर आलं तर हिशोब मागा.

बाकी फुटकळ. विकणाऱ्याचं कर्ज फिटलं असलं तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आधी. विमा १४ दिवसांत नावावर करायला टाका, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सूट) तुम्हाला मिळणार नाही. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, आहे का बघा, नाहीतर आरटीओत काम अडतं. पंधरा वर्षांच्या कारला नोंदणी नूतनीकरणाचे ५,००० आणि वर पर्यावरण कर. "गाडी फक्त ऐंशी हजारांत" म्हणणारे हे सोयीने विसरतात.

आणि फास्टॅग. जुना बंद करून घ्या, स्वतःचा लावा. माझ्या मेहुण्याने गाडी विकली, टॅग तसाच. सहा महिने दर शनिवारी त्याला खेड-शिवापूरचा टोल कापल्याचा मेसेज यायचा. घेणारा माणूस साताऱ्याचा आणि आठवड्याला घरी जाणारा, एवढं त्याला तेवढ्यावरून कळलं.