शेणखताच्या ट्रेनिंगला जायच्या आधी काय तयारी करायची

सगळ्यात पहिलं हे ठरवा की जाणार कोण. केव्हीकेत म्हणजे कृषी विज्ञान केंद्रात गांडूळखताचं नाहीतर बायोगॅस-स्लरीचं (गॅस निघून गेल्यावर उरणाऱ्या पातळ शेणाचं) ट्रेनिंग लागलं की बहुतेक घरातून ज्याच्या नावावर सातबारा आहे तोच जातो, सर्टिफिकेट घेऊन येतो, अन् रोज शेण भरणारी घरची बाई नाहीतर सालगडी यांना त्यातलं काहीच कळत नाही. माझं तर स्पष्ट म्हणणंय, ज्याचे हात रोज शेणात आहेत त्यालाच पाठवा. सालगडी जाणार असेल तर तेवढ्या दिवसांचे पैसे कापायचे नाहीत हे आधीच बोलून घ्या, बाई जाणार असेल तर सकाळची धार कोण काढणार, जनावरांचं वैरणपाणी कोण बघणार ते घरात ठरवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी ती परत गोठ्यात.

मग कोर्स कोणता ते फोन करून विचारा, खरपुडी (जालना), तोंडापूर (हिंगोली), सगरोळी (नांदेड), जे केव्हीके जवळ पडेल ते. दोन-चार दिवसांच्या ट्रेनिंगचा कागद वेगळा अन् कृषी कौशल्य परिषदेचा गांडूळखत उत्पादकाचा कोर्स वेगळा, तो बऱ्याच ठिकाणी 200 तासांचा असतो, म्हणजे रोज 8 तास धरले तरी 25 दिवस, अन् शेवटी लेखी, प्रात्यक्षिक, तोंडी सगळं होतं. आधार, बँक पासबुकची झेरॉक्स, फोटो, शाळेचा दाखला एका पिशवीत ठेवा. नाव सगळीकडे आधारवर आहे तसंच पाहिजे, सर्टिफिकेटवर चुकलं की दुरुस्तीला लई फेऱ्या.

आता खरी तयारी आखाड्यावरची, म्हणजे शेतातल्या गोठ्यावरची. एक दिवस शेणाचं टोपलं वजनकाट्यावर ठेवून बघा अन् दिवसाला किती टोपली निघतात ते वहीत लिहा. मोठं जनावर साधारण 10 ते 15 किलो शेण देतं, पण तुमची लाल कंधारी गाय किती देते अन् म्हैस किती ते तुमचं तुम्हालाच माहीत पाहिजे, कारण 25 किलो ताज्या शेणातून साधारण एक घनमीटर गॅस धरतात, 2 घनमीटरचा बायोगॅस प्लांट घ्यायचा तर रोज 50 किलो शेण लागणार अन् जवळपास तेवढंच पाणी. एप्रिल-मे मधे टँकरवर असलेल्या गावात हे पाणी कुठून आणायचं हा प्रश्न तिथं सगळ्यांच्या समोर विचाराच.

उकिरड्यातलं थोडं खत पण सोबत न्या, वरवरचं नको, हातभर खोल उकरून. त्यात इंग्रजी सी सारख्या वाकड्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर त्या डबीत घालून दाखवायला न्या, हुमणी (पिकाच्या मुळ्या खाणारी अळी) असू शकते, अन् असलं अर्धवट कुजलेलं खत उसात टाकलं की तीही खतासोबत वावरात जाते.

अंगाची तयारी कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. धनुर्वाताचं इंजेक्शन आरोग्य केंद्रात घेऊन ठेवा, शेणात अन् मातीत त्याचे जंतू असतात अन् हाताला भेगा तर सगळ्यांच्याच. गमबूट, रबरी हातमोजे घ्या. गाय गाभडली असेल तर ती वार उघड्या हातानं उचलून उकिरड्यावर टाकायची नाही, चुना टाकून खोल पुरायची, त्यामागं ब्रुसेला (जनावर गाभडवणारा आजार) असू शकतो अन् तो माणसालाही लागतो.

आणि स्लरीच्या खड्ड्याचं तर घरातल्या पोरासोरांनाही सांगून ठेवा, बंद टाकीत उतरायचं नाही म्हणजे नाही. सडक्या अंड्यासारखा वास येणारा जो गॅस असतो तो जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येत नाही म्हणून माणूस उतरतो अन् जागेवर पडतो, अन् त्याला काढायला दुसरा उतरतो तोही पडतो. ट्रेनिंगमधे हा विषय घाईत उरकला तर हात वर करून पुन्हा विचारा, लाजू नका.

खत विकायचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट म्हणजे विक्रीचं लायसन्स नाही. 1985 च्या खत नियंत्रण आदेशात गांडूळखताला ओलावा 15 ते 25 टक्के, सेंद्रिय कर्ब कमीत कमी 18 अन् नत्र 1 टक्का असं माप आहे. ही तपासणी कुठल्या लॅबमधे होते, परवान्याला कोणाकडं जायचं, हे दोन प्रश्न वहीच्या पहिल्याच पानावर लिहून न्या, शेवटच्या दिवशी फोटोच्या गडबडीत विचारायचे राहून जातात.