गोबरगॅस बांधताना आणि नंतर

संस्थेच्या अहवालात ‘इतके गोबरगॅस बांधले’ हा आकडा ठळक असतो. त्यातले किती रोज पेटतात, हे क्वचितच लिहिलेलं असतं. हवामानाला होणाऱ्या फायद्याचा सगळा हिशेब मात्र पेटण्यावरच आहे. सरपण वाचतं, पण गॅस साठवणारा घुमट गळका असला तर मिथेन, म्हणजे गोबरगॅसमधला जळणारा वायू, थेट हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट हवा तापवतो. तेच शेण उन्हात नुसतं वाळलं असतं तर एवढा मिथेन झालाच नसता.

म्हणून आधी घर नीट निवडा. जनावरं मोजू नका, शेण तोला. दावणीच्या जनावराचं रोज साधारण १० किलो हाती येतं, चरायला जाणाऱ्याचं निम्मंच. तीन दिवस सकाळी वजन घ्या. किलोमागे सुमारे ४० लिटर गॅस धरला तर २ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण लागतं, आणि पाच-सहा माणसांचा स्वयंपाक त्यात होतो. शेण २५ किलोच निघत असेल तर १ घनमीटरचंच बांधा. अनुदानाकडे बघून मोठं बांधणं ही नेहमीची चूक. पाणीही शेणाइतकंच लागतं. ते लांबून डोक्यावर आणावं लागत असेल तर गोबरगॅस उन्हाळ्यात बंद पडलाच म्हणून समजा.

जागा उन्हातली, स्वयंपाकघराजवळची, विहिरीपासून किमान १५ मीटर लांब. मोठं झाड जवळ नको, मुळं बांधकाम फोडतात.

दिल्लीच्या अ‍ॅफ्प्रो या संस्थेने १९८४ मध्ये आणलेल्या दीनबंधू संयंत्रात लोखंडी टाकी नसते, वीट-सिमेंटचा घुमटच गॅस धरतो. त्यामुळे ते स्वस्त पडतं, पण सगळी भिस्त गवंड्यावर. केसाएवढ्या भेगेतून काला (शेण-पाण्याचं मिश्रण) गळत नाही, गॅस गळतो. आतून गिलाव्याचे थर, वर सिमेंटची घोटाई, मग रंग. मधे रोज पाणी मारायचंच. नंतर पाणी भरून, आत हवेचा दाब देऊन, दाब दाखवणाऱ्या यू-नळीतली पातळी दुसऱ्या दिवशी बघा. ती चांगलीच उतरली असेल तर शेण भरू नका. घुमटावर मातीचा भराव घातल्याशिवाय गॅस साठू दिला तर आतल्या दाबाने घुमट तडकतो.

२ घनमीटरच्या संयंत्राच्या पहिल्या भरणीला सुमारे ४,००० लिटर काला, म्हणजे दोन टन शेण लागतं. चालू गोबरगॅसची काही बादल्या मळी, म्हणजे गॅस निघून बाहेर आलेला काला, विरजणासारखी घाला. पहिला गॅस पेटत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. तो एक-दोनदा सोडून द्या. ज्योत धरेपर्यंत रोजचं शेण घालू नका.

पुढे रोज काडीकचरा आणि वाळू काढून, शेण-पाणी समसमान, धिरड्याच्या पिठाइतकं सरसरीत कालवा. फार पातळ झालं तर शेण तळाशी बसतं, फार घट्ट झालं तर वर साय धरते. फिनेल, साबणाचं पाणी किंवा प्रतिजैविकं दिलेल्या जनावराचं शेण आत गेलं की गॅस तयार करणारे जिवाणू मरतात. थंडीत दुपारी, उन्हात तापलेल्या पाण्यात कालवा.

गॅस येईना, तर आधी बाहेरच्या टाकीतली मळी बघा. ती वर चढलेली असेल तर गॅस आत आहे, नळी तुंबली आहे किंवा तिच्यात पाणी साठलंय. नळीच्या सखल भागातलं पाणी सोडा. ज्योत फडफडते तीही पाण्यानेच. मळी खाली असेल तर गॅस तयारच होत नाही किंवा गळतोय. नळीचे सांधे साबणाच्या फेसाने तपासा, काडी पेटवून कधीच नाही. टाकीत उतरू नका, रिकामी दिसली तरी. आतल्या वायूने माणूस क्षणात कोसळतो. मळीच्या टाकीवर झाकण हवंच, घरात मुलं असतात.

मळी कडक उन्हात वाळवली तर नत्र उडून जातं. सावलीत पालापाचोळ्यावर ओता, नाहीतर पाटाच्या पाण्याबरोबर शेतात सोडा.

संस्थेने गावातल्याच दोघांना दुरुस्ती शिकवावी आणि त्यांचं मानधन बांधकामाच्या खर्चातच धरावं. कर्नाटकातल्या कोलारच्या एसकेजी संघ या संस्थेसारखं कार्बन क्रेडिटचं (हवेत जायचा वाचवलेला कार्बन मोजून विकण्याचं) काम करायचं असेल तर चालू संयंत्रांचीच मोजणी होते. तेव्हा प्रत्येक घरी शेगडीशेजारी वही टांगा: तारीख, शेणाच्या पाट्या, शेगडी किती वेळ चालली. सलग चार दिवस रकाना कोरा दिसला की दुरुस्तीवाल्याला धाडा.