‘चाइल्ड ऑफ ट्री’ वाजवायचं ठरलं असेल तर

अमेरिकन संगीतकार जॉन केजच्या १९७५ मधल्या ‘चाइल्ड ऑफ ट्री’साठी पहिलं काम म्हणजे गुलमोहराच्या शेंगा. एकट्या वादकाने आठ मिनिटं वाजवायची ही रचना. वाद्यं दहा, सगळी वनस्पतींची. त्यातली दोनच केजने नेमून दिली आहेत: पॉइन्सियानाच्या शेंगांचा खुळखुळा आणि ध्वनिवर्धकाला जोडलेला निवडुंग. केजच्या शेंगा मेक्सिकोतल्या होत्या. आपल्याकडे रॉयल पॉइन्सियाना म्हणजे गुलमोहर, आणि त्या शेंगांनी तलवारबाजी केलेली पोरं गल्लोगल्ली आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडक वाळलेल्या, न तडकलेल्या शेंगा वेचाव्यात. कानाशी हलवून बघावं. बिया सुटलेल्या नसतील तर शेंग मुकी. कार्यक्रम पावसाळ्यात असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात, दमट हवेत त्या नरम पडतात.

निवडुंग घेताना घाई नको. कुंपणाचा त्रिधारी नकोच: काटे आखूड, आणि चीक डोळ्यात गेला तर कार्यक्रमाऐवजी दवाखाना. फड्या निवडुंगाची बारीक कुसळं बोटांत सलत राहतात. नर्सरीतला गोल, लांब ताठ काट्यांचा कॅक्टस उत्तम. लांब काट्याचा सूर खाली, आखूड काट्याचा वर. पिएझो माइक, म्हणजे वस्तूला चिकटून तिची कंपनं टिपणारा माइक, काट्यांच्या बुडाशी लाकडी चिमट्याने अडकवावा, छेडायला टूथपिक. माइकचा क्षीण आवाज वाढवणारा प्रीअँप, जास्तीची केबल आणि दुसरा पिएझो बॅगेत हवाच. साउंडवाल्याला आदल्या दिवशीच सांगावं की माइक झाडाला लागणार आहे. तो हसेल, हसू द्यावं. मॉनिटर स्पीकर मात्र टेबलापासून लांब ठेवून घ्यावा, नाहीतर शिट्टी वाजते.

उरलेली आठ वाद्यं आपल्या मर्जीची. सागाची वाळकी पानं, करवंटी, शिरीषाच्या शेंगा, बहाव्याची लांब शेंग, बांबूचा तुकडा, केरसुणीच्या काड्या. धातू नाही, कातडं नाही. टेबलावर जाड सुती कापड.

मग नाणी. आठ मिनिटांचे भाग किती आणि कुठल्या भागात कुठली वाद्यं, हे यी चिंग या कौल देणाऱ्या प्राचीन चिनी ग्रंथाला विचारायचं: तीन नाणी सहा वेळा टाकली की ६४ आकृत्यांपैकी एक मिळते. हे घरी करून कागदावर मोठ्या अक्षरात उतरवावं, रंगमंचावर सोबत स्टॉपवॉच.

तबल्यावरून येणाऱ्याला खरी अडचण रियाजाची. स्वैर वादनात माणूस आपल्याच आवडीसवयींकडे वळतो, म्हणून केजला ते पटत नसे. ज्यांची हाताला ओळखच नाही अशी वाद्यं देऊन त्याने ही वाट काढली. तेव्हा माइकची पातळी तपासावी, प्रत्येक वस्तू वाजते की नाही एवढं पाहावं आणि झाकून ठेवावं. एखाद्या करवंटीवर ठेका बसू लागला तर ती सरळ बदलावी. सरावच करायचा तर स्टॉपवॉचकडे बघत थांबण्याचा करावा.

कार्यक्रम परदेशात असेल तर निवडुंग सामानात भरू नये. जवळजवळ सगळं कॅक्टस कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांखाली येतं. आयोजकांना लांब काट्यांचा फोटो पाठवून तिथल्याच नर्सरीतून मागवावा. शेंगांसाठी त्या देशाचे प्लांट क्वारंटाइनचे नियम तिकीट काढण्याआधी वाचावेत.