दहावीचं इंग्लिश: शब्द पाठ केले तरी पेपरात आठवत नाहीत? या चुका टाळा

परवा क्लासमधल्या एका पोराची वही चाळत होते. दोनशे पानी वही, प्रत्येक पानावर मधोमध पट्टीने मारलेली रेघ, डावीकडे इंग्लिश शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, अक्षर मोत्यासारखं. जूनपासून रोज दहा शब्द, एक दिवस खाडा नाही. मी सहज डावी बाजू हाताने झाकली आणि विचारलं, धाडस म्हणजे काय रे इंग्लिशमध्ये? गप्प. तुलना करणे? गप्प. मग उजवी बाजू झाकली आणि करेज, कंपेअर असं विचारत गेले तर पोरगं फटाफट सांगायला लागलं, अर्धं पान एका दमात. त्याचं त्यालाच कळेना मघाशी काय झालं होतं ते. "ताई, मला येतंय ओ हे सगळं."

येतंय, पण एकाच बाजूने येतंय. आणि मराठी माध्यमातल्या बहुतेक पोरांचं हेच असतं, शब्द बघितला की ओळखीचा वाटतो, ओळखीचा वाटला की आपण पुढे जातो, आणि पेपरात पत्र, संवाद, स्वतःचं मत लिहायची वेळ येते तेव्हा तो शब्द समोर छापलेला नसतो, तो आपल्याच पेनातून यायला लागतो. तिथे डावी बाजू कोण दाखवणार?

त्या पोराला मी सांगितलं ते इथे पण सांगते. रोज दहा नको, चारच शब्द घे. डावी बाजू झाकून, मराठी वाचून इंग्लिश शब्द लिही, तोंडाने म्हणून चालणार नाही, लिहीच, कारण स्पेलिंग तिथेच घसरतं. मग त्या शब्दाचं एक वाक्य, आणि वाक्य आपल्या घरातलं हवं, गाईडमधलं नको. करेजसाठी त्याने गाईडमधून सैनिकाचं वाक्य आणलं होतं, मी म्हटलं तुझ्या घरात धाडसी कोण, तर म्हणे आजी, ती एकटी एसटीने पंढरपूरला जाते. झालं की मग, "माय ग्रँडमदर हॅज करेज, शी ट्रॅव्हल्स अलोन." हा शब्द तो आता विसरायचा म्हटला तरी विसरणार नाही. चार शब्द दुसऱ्या दिवशी परत, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी, आणि जो तिन्ही वेळा बरोबर आला त्याच्यावर काट मारायची, जो अडकला तो परत पहिल्या दिवसापासून.

येणारे शब्द विसरून नवीन पाठ करत बसणं

दुसरी चूक मला जरा जास्तच टोचते. पोरं म्हणतात आम्हाला इंग्लिश शब्दच येत नाहीत, आणि बाहेर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरबद्दल बोलायला लागली की दर तिसरा शब्द इंग्लिश. क्लच, गिअर, ब्रेक, सायलेन्सर, इंडिकेटर, मडगार्ड, ट्रॉली, पंक्चर. मी एकदा फळ्यावर मडगार्ड लिहिलं आणि विचारलं याचे दोन तुकडे करा, तर वर्गात एकदम शांतता. मड म्हणजे चिखल, गार्ड म्हणजे राखणदार, चिखल अडवतो तो मडगार्ड. इंडिकेटर दाखवतो म्हणून इंडिकेट म्हणजे दाखवणे. सायलेन्सर आवाज कमी करतो, त्यातून सायलेन्स आणि सायलेंट. इंजिनमधून इंजिनिअर. एका ट्रॅक्टरवर वीस-पंचवीस शब्द सहज निघाले, आणि प्रीफिक्स-सफिक्सचा, म्हणजे शब्दाच्या पुढे-मागे जोडायच्या तुकड्यांचा, प्रश्न काय भानगड आहे ते न शिकवता कळलं.

घरात गाडी नसेल तर दवाखाना घ्या, मोबाईलचं सेटिंग उघडा, किराणा दुकानातल्या पुड्यांची मागची बाजू वाचा. अर्थ आधीच माहीत असतो, राहतं फक्त स्पेलिंग.

पण यातच एक खड्डा आहे. मराठीत आलेला शब्द कधीकधी मूळ अर्थ घरी ठेवून येतो. "बी पेशंट" चं भाषांतर एकाने "रुग्ण व्हा" असं केलं होतं, हसू नका, त्याने पेशंट हा शब्द आयुष्यभर दवाखान्यातच ऐकलाय, धीर धरणारा या अर्थाने कधी भेटलाच नाही. हॉटेल म्हटलं की आपल्याला मिसळ दिसते, उताऱ्यातली माणसं मात्र तिथे रात्री झोपतात आणि पोरं गोंधळतात. काइंड म्हणजे प्रकार आणि दयाळू पण, लेफ्ट म्हणजे डावा आणि सोडलं पण. असे दोन तोंडांचे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर वेगळे लिहा, पंधरा-वीस झाले तरी पुष्कळ.

पहिला प्रश्न सोपा म्हणून सोडून देणं

बोर्डाचा थर्ड लँग्वेज इंग्लिशचा लेखी पेपर ८० मार्कांचा, वेळ तीन तास. त्यातला पहिला प्रश्न १० मार्कांचा आणि तो बऱ्यापैकी शब्दखेळच असतो, अल्फाबेटिकल ऑर्डर, वर्ड चेन, मोठ्या शब्दातून छोटे शब्द, पंक्च्युएशन, असं. पोरं म्हणतात हे काय पाचवीचं, आणि सराव करत नाहीत, आणि मार्क नेमके इथे जातात. का जातात ते सांगते, कारण आपण हे प्रश्न कानाने सोडवतो आणि ते डोळ्याने सोडवायचे असतात.

वर्ड चेन बघा. समोर शब्द आहे ॲपल. पुढचा शब्द त्याच्या शेवटच्या अक्षरापासून. कानाला ल ऐकू येतो म्हणून पोरगं लिहितं लेमन. चूक! ॲपलचं शेवटचं अक्षर ई आहे, पुढे एलिफंट चालेल, ईगल चालेल, लेमन नाही. टेबल, बॉटल, सायकल, सगळीकडे हेच. दुसरं म्हणजे चेन नामांची सांगितलीय की क्रियापदांची ते वाचायचं, नामांच्या साखळीत मधेच ईट लिहिलं की गेलं.

अल्फाबेटिकल ऑर्डरचं उदाहरण घ्या, डेंजर, डार्क, डान्स, डेअर. कानावर गेलात तर डान्स-डार्क एकीकडे आणि डेअर-डेंजर दुसरीकडे, कारण मराठीत एकीकडे डा आहे आणि दुसरीकडे डे. स्पेलिंग काढा. चारही शब्द डी-ए ने सुरू, म्हणजे पहिल्या दोन अक्षरांचा उपयोग शून्य. तिसरं अक्षर डान्स आणि डेंजरला एन, डेअर आणि डार्कला आर, म्हणजे एनवाली जोडी आधी. आता चौथं अक्षर, डान्सला सी आणि डेंजरला जी, म्हणून डान्स पहिला. डेअरला ई आणि डार्कला के, म्हणून डार्क शेवटी. डान्स, डेंजर, डेअर, डार्क. शब्द एकाखाली एक लिहून सारख्या अक्षरांवर बारीक रेघ मारली की दहा सेकंदाचं काम आहे, आडवे लिहून नुसतं बघत बसलात की फसलात.

मोठ्या शब्दातून छोटे शब्द बनवताना अक्षरं मोजा. ब्युटिफुल मधून फ्लूट होतो, टेल होतो (शेपटीवाला, गोष्टवाला पण होतो), बॅट होतो, पण फुल होत नाही, कारण फुलला दोन एल लागतात आणि ब्युटिफुलमध्ये एकच आहे. आणि शब्द कमीत कमी तीन अक्षरांचे मागितलेले असतात, तिथे ॲट आणि इट लिहून येऊ नका.

उतारा शब्दाशब्दाने मराठीत करत वाचणं

आता खरा घोळ. उतारा समोर आला की बहुतेक पोरं पहिल्या शब्दावर बोट ठेवतात, त्याचा मराठी अर्थ, मग पुढचा शब्द, त्याचा अर्थ, आणि जिथे न येणारा शब्द लागला तिथे गाडी पंक्चर. मग खालचे प्रश्न बघतात आणि प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात जिथे दिसेल ती ओळ उचलून उत्तर म्हणून लिहितात. कधी लागतं, कधी नाही.

हे वाक्य मी क्लासमध्ये दिलं होतं: "द फार्मर वॉज रिलक्टंट टू सेल हिज लँड, बट द ड्राउट लेफ्ट हिम नो चॉइस." सगळे रिलक्टंटवर अडकले. एक मुलगी म्हणाली दुष्काळ डावीकडे, म्हणजे लेफ्टने परत घात केला. मी म्हटलं रिलक्टंट खोडून टाका, तिथे रिकामी जागा आहे समजा. काय उरलं? शेतकरी, जमीन विकणे, पण, दुष्काळ, पर्याय नाही. आता "पण" वर थांबा. पुढे आहे की पर्यायच राहिला नाही, म्हणजे शेवटी विकावी लागली. मग "पण" च्या आधी काय असणार? त्याच्या उलट. म्हणजे विकायची इच्छा नव्हती. मागच्या बाकावरून आवाज आला, "ताई, नाखूश!" डिक्शनरीशिवाय, पाठ न करता.

तर सवय करायची ती बट, दो, हाउएव्हर, बिकॉज, सो, असे छोटे शब्द आधी पकडायची. मोठ्या शब्दांना सगळे घाबरतात, खरी दिशा हे बारके दाखवतात. तसंच इट, दे, हिज, देअर आलं की पेन्सिलीने मागे बाण काढा, कोणाबद्दल चाललंय? आधी बाण हमखास चुकतात, आठवडाभर काढले की डोळ्याला सवय होते आणि मग काढायची गरज राहत नाही.

पहिलं वाचन न थांबता शेवटपर्यंत करा, कळो न कळो. मग प्रश्न वाचा. मग दुसरं वाचन, सावकाश, पेन्सिल हातात घेऊन. घरी मोठ्याने वाचा, शेजारचे काय म्हणतील ते म्हणू दे, जीभ अडखळते तिथे बहुतेक अर्थ पण अडखळलेला असतो.

"उताऱ्यातून शोधा" हे न वाचणं

१० मार्कांच्या उताऱ्याखाली पाच कृती असतात, प्रत्येकी २ मार्क, आणि तिसरी शब्दांची. तिथे लिहिलेलं असतं की या अर्थाचा शब्द उताऱ्यातून शोधून लिहा. हुशार पोरांना शब्द आधीच येत असतो, ती डोक्यातला लिहून मोकळी होतात, मोठ्याचा विरुद्धार्थी स्मॉल. उताऱ्यात टायनी असतो. बरोबर असून चूक. उलट कमी शब्द येणारं पोरगं बिचारं उताऱ्यात शोधत बसतं आणि २ मार्क घेऊन येतं.

पाचवी कृती स्वतःच्या मताची, आणि ती कोरी सोडणारे इतके असतात की मला राग येतो खरं तर. दोन पाठातले उतारे आणि एक बाहेरचा, म्हणजे ६ मार्क. तीन-चार साधी वाक्यं पुरतात, आय थिंक ने सुरू करा आणि बिकॉज लिहून कारण द्या, तुम्हाला येतात त्याच शब्दांत.

स्पेलिंग आणि फोन

फिल म्हणजे भरणे आणि फील म्हणजे वाटणे, आपण मराठीत दोन्हीला फिलिंग म्हणतो म्हणून लिहिताना अदलाबदल होते. लिव्ह-लीव्ह, शिप-शीप तेच. व्ही आणि डब्ल्यू दोन्ही आपल्याला व, मग वेरी गुडमधल्या वेरीला चुकून डब्ल्यू लागतो. यावर आपल्या आईबाबांच्या पिढीची युक्ती अजून चालते, मनात मुद्दाम चुकीचं म्हणायचं, वेड-नेस-डे, क्नो-लेड-गे. उच्चार बरोबरच करायचा, हे फक्त हाताला आठवायला.

फोनचा तोटा लोकांना वाटतो तो नाही. डिक्शनरी बघायला फोन चांगलाच आहे, बालभारतीचं पुस्तक पीडीएफमध्ये फुकट मिळतं. पण फोनवर तीन अक्षरं टाईप केली की बिकॉज आपोआप येतो, आणि वर्षभर असं टाईप केल्यावर हातातून स्पेलिंग निघून जातं. म्हणून सराव कागदावर, आणि कॅमेरा धरून अख्ख्या उताऱ्याचं मराठी करून बघणं बंद, निदान दुसरं वाचन होईपर्यंत तरी.

भाषांतराच्या ५ मार्कांत म्हणी असतात, त्या शब्दशः करू नका. "इट नेव्हर रेन्स बट इट पोअर्स" दिसलं की पाऊस पडत नाही वगैरे लिहू नका, दुष्काळात तेरावा महिना लिहा. आपल्याकडे जोडीची म्हण असतेच, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांच्याकडे साठा आहे.

वेळेचं एवढंच, पूर्वी पेपर दहा मिनिटं आधी हातात मिळायचा, ते २०२३ पासून बंद झालं आणि ती दहा मिनिटं शेवटी जोडून मिळतात. म्हणजे वाचायचा वेळ आता तुम्हीच काढायचा. सराव पेपर घड्याळ लावून, तीन तास न उठता, निदान तीन तरी सोडवा, आणि शेवटच्या दहा मिनिटांत पहिल्या प्रश्नाकडे परत जा, ॲपलच्या पुढे काय लिहिलंय ते बघा.