कोईच्या तळ्याला फिल्टर निवडताना: हिशेब खाद्याचा मांडा

फिल्टरच्या खोक्यावर '१०,००० लिटरपर्यंत' असं छापलेलं असतं. तो आकडा बहुतेक वेळा पाणवनस्पती आणि मोजके लहान मासे असलेल्या तळ्याचा असतो, कोई या शोभेच्या रंगीत माशाच्या तळ्याचा नाही. कोईला जठर नसतं. खाल्लेलं आतड्यातून भराभर पुढे सरकतं, त्यामुळे हा मासा दिवसभर खात राहतो आणि दिवसभर विष्ठा टाकत राहतो. बोटाएवढं पिल्लू नीट पोसलं तर दोन फुटांपर्यंत वाढतं. म्हणून फिल्टर घेताना दोन प्रश्न धरून बसावं: विष्ठा पाण्यात विरघळायच्या आत बाहेर पडते का, आणि रोजच्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया रोजच्या रोज पचतो का? पाणी नितळ दिसतं की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा. काचेसारख्या स्वच्छ पाण्यातही अमोनियाने मासे मरतात.

आधी पाणी मोजा, मग खाद्य

लांबी, रुंदी आणि खोली फुटांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८.३ ने गुणा. १२ × ८ × ४ फुटांचं तळं म्हणजे ३८४ घनफूट, साधारण १०,९०० लिटर. आकार वेडावाकडा किंवा काठ उतरते असतील तर त्यातून २० टक्के वजा करा. तळं भरताना नळाला मीटर लावता आला तर उत्तमच. हा आकडा लिहून ठेवा, कारण पुढे मीठ आणि औषधही याच आकड्यावरून मोजायचं आहे.

पूर्ण वाढलेल्या एका कोईला १,००० लिटर पाणी धरावं, म्हणजे या तळ्यात दहा मासे. किलोभर वजनाच्या दहा माशांना वजनाच्या १ टक्का खाद्य दिलं तर रोजचे १०० ग्रॅम होतात. आता खाद्याचं वजन × प्रथिनांचा अंश × ०.०९२ केलं की अमोनिया नायट्रोजन मिळतो. ४० टक्के प्रथिनांच्या खाद्याला १०० × ०.४ × ०.०९२, म्हणजे दिवसाला ३.७ ग्रॅम. ऐकायला किरकोळ वाटतं. पण फिल्टर नसेल तर या तळ्यात रोज लिटरमागे ०.३४ मिलिग्रॅमची भर पडते, आणि तिसऱ्या दिवशी आकडा १ च्या वर जातो. हा अमोनिया किती विषारी, ते पीएच ठरवतो. २५ अंश सेल्सिअसला आणि पीएच ७ असताना त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. तेवढ्याने कल्ले जळतात.

विष्ठा आधी बाहेर

पैसे मर्यादित असतील तर ते सगळ्यात आधी इथे घाला. घन कचरा वेळेत निघाला तर साधा जैविक फिल्टरही चांगलं काम देतो. तो निघाला नाही, तर महागातला महाग मीडियाही (जिवाणूंना बसायला फिल्टरमध्ये भरलेलं साहित्य) गाळाने बुजतो.

ताजी विष्ठा एखाद्या दोरीच्या तुकड्यासारखी असते, बोटाने दाबली की लगेच विस्कटते. तळ्यात ठेवलेला पंप तिला पात्यांतून जाताना नेमकं हेच करतो: कुस्करून तिचं पीठ करून टाकतो, आणि ते पीठ कुठल्याच स्पंजमध्ये पूर्ण अडकत नाही. म्हणून तळं अजून खोदायचं असेल तर तळाच्या मध्यभागी बॉटम ड्रेन, म्हणजे पाणी आणि कचरा बाहेर नेणारं तोंड, बसवा, तळाला सगळीकडून त्याच्याकडे उतार द्या आणि ११० मिमीच्या पाइपने पाणी स्वतःच्या वजनाने फिल्टरमध्ये येऊ द्या. पंप फिल्टरच्या शेवटी लावा. या रचनेत फिल्टरची कड तळ्याच्या पाण्याच्या पातळीपेक्षा थोडी वर असावी लागते, नाहीतर पंप थांबला की पाणी कडेवरून वाहून जातं. प्रत्येक ड्रेनचा पाइप वेगळा आणा आणि त्यावर वेगळा व्हॉल्व्ह बसवा. दोन ड्रेन एका पाइपला जोडले तर ज्या बाजूला अडथळा कमी, तिकडूनच पाणी येतं आणि दुसरा ड्रेन हळूहळू गाळाने भरतो.

पहिल्या टप्प्याला तीन पर्याय आहेत. गाळ बसवणारी टाकी सगळ्यात साधी. पण ती मोठी लागते, कारण पाणी संथ झाल्याशिवाय गाळ खाली बसत नाही, आणि तळाचा व्हॉल्व्ह आठवड्यातून दोनदा तरी उघडावा लागतो. गाळ टाकीत बसून राहिला तर तो तिथेच विरघळतो, मग तो तळ्यात असला काय आणि टाकीत असला काय, पाणी सारखंच बिघडतं. दुसरा पर्याय चाळणीचा: २०० ते ३०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तिरप्या जाळीवरून पाणी खाली जातं आणि कचरा वर राहतो. ही जाळी वरचेवर धुवावी लागते. तिसरा ड्रम फिल्टर. साधारण ६० ते ७० मायक्रॉनची जाळी बुजली की तो आपोआप फिरून स्वतःला धुतो. मासे जास्त आणि हाताशी वेळ कमी असेल तर आमच्या मते हाच घ्यावा. धुण्यासाठी दाबाचं पाणी आणि सांडपाण्याची वाट मात्र आधीच करून ठेवा.

तळं आधीच बांधलेलं असेल आणि ड्रेन बसवता येत नसेल, तर दाबावर चालणारा, मण्यांनी भरलेला बीड फिल्टर हा व्यवहारी मार्ग आहे. उलट धुलाई (पाणी उलट दिशेने सोडून धुणं) आठवड्यातून एक-दोनदा, आणि मण्यांचा गठ्ठा फोडायला हवेचा ब्लोअर असलेलाच घ्या.

जैविक टप्पा

इथे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. त्यांना बसायला पृष्ठभाग लागतो. हिशेबासाठी चौरस मीटरमागे दिवसाला ०.२ ग्रॅम अमोनिया पचतो असं धरा, हा आकडा मुद्दाम हात राखून घेतला आहे. आपल्या ३.७ ग्रॅमला साडेअठरा चौरस मीटर लागतात. चाकासारख्या तरंगत्या मीडियाच्या एका लिटरमध्ये साधारण अर्धा चौरस मीटर सुरक्षित पृष्ठभाग मिळतो, म्हणजे ३७ लिटर झाला. दुप्पट, ७५ लिटर घ्या, कारण मासे वाढणार आणि खाद्यही वाढणार. टाकी १५० लिटरची हवी. अर्ध्याहून फार जास्त भरली तर मीडिया फिरत नाही, कोपऱ्यात साचतो आणि त्याखाली गाळ कुजतो.

नवा मीडिया सुरुवातीचे काही दिवस तरंगून वरच राहतो आणि त्याला पाणी धरत नाही. त्यात बिघाड काही नसतो. पकलेल्या, म्हणजे जिवाणू वसलेल्या, चाकाच्या आतल्या कप्प्यांत तपकिरी, मऊ थर दिसतो आणि त्याला पावसात भिजलेल्या मातीसारखा वास येतो. काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा चिकट थर दिसला तर तिथे हवा पोहोचत नाही असं समजा.

हवेत कंजुषी नको. एक ग्रॅम अमोनिया नायट्रोजन पचवायला जिवाणूंना साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन लागतो. तसाच पाण्यातला कार्बोनेटही खर्च होतो, ग्रॅममागे सात ग्रॅम. आपल्या तळ्यात आठवड्याला केएच, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, लिटरमागे साधारण १७ मिलिग्रॅमने उतरतो. पाणी बदललं नाही तर एक दिवस पीएच अचानक कोसळतो आणि 'काल तर सगळं ठीक होतं' असं म्हणायची वेळ येते. केएच १०० च्या खाली जाऊ देऊ नका. १,००० लिटरला ३० ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून घातला की तो साधारण १८ ने वाढतो.

जागा असेल तर शेवटी शॉवर फिल्टर जोडा. पाणी मीडियावरून धारांनी पडताना त्यात ऑक्सिजन मिसळतो आणि नको ते वायू उडून जातात. थंडीत मात्र तो पाणी फार गार करतो.

पंप आणि यूव्ही

तळ्याचं सगळं पाणी दीड ते दोन तासांत एकदा फिल्टरमधून गेलं पाहिजे. आपल्या उदाहरणात तासाला ५,५०० ते ७,३०० लिटर. पंपावर छापलेला प्रवाह शून्य उंचीचा असतो. दीड मीटर चढ, चार काटकोनी वळणं आणि अरुंद पाइप असा प्रवास झाला की तो बराच घटतो. पंपाचा आलेख पाहून, आपल्या उंचीला मिळणारा आकडा धरूनच खरेदी करा. पाइप दोन इंची ठेवा आणि ९० अंशांच्या एका वळणाऐवजी ४५ अंशांची दोन वापरा. बसवल्यावर २० लिटरची बादली परतीच्या पाण्याखाली धरा. १२ सेकंदांत भरली तर तासाला ६,००० लिटर. दर महिन्याला हेच करा, वेळ वाढत गेला तर कुठेतरी बुजत आलं आहे.

यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा पाणी हिरवं करणारं तरंगतं शेवाळ मारतो, दोऱ्यासारखं शेवाळ नाही. अमोनियाशी त्याचा संबंध नाही. १,००० लिटरला २ ते ३ वॅट पुरे. सतत चालला तर वर्षाने नळी बदला, कारण ती उजेड देत राहते पण यूव्ही घटलेला असतो. पेटलेल्या नळीकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका.

सुरू करताना

नव्या फिल्टरला पकायला चार ते आठ आठवडे लागतात, गार पाण्यात त्याहूनही जास्त. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने आधी काढा, दोन-तीनच मासे सोडा, खाद्य अगदी थोडं ठेवा आणि एक दिवसाआड अमोनिया व नायट्राइट तपासा. आधी अमोनिया चढून उतरतो, मग नायट्राइट चढतो. नायट्राइट दिसला तर १,००० लिटरला १ किलो साधं मीठ विरघळवून घाला, त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. फिल्टरमध्ये झिओलाइट (अमोनिया शोषणारं खनिज) असेल तर मीठ घालण्याआधी ते बाहेर काढा, खाऱ्या पाण्यात ते धरून ठेवलेला अमोनिया परत सोडतं. दोन्ही आकडे शून्यावर आल्यावर आठवड्याला १० ते २० टक्के पाणी बदला, नायट्रेट त्यानेच कमी होतो.

जैविक मीडिया नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नका, क्लोरीनने थर मरतो आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागते. तळ्याचं पाणी बादलीत घेऊन त्यात हलकेच खळबळा, आणि एका वेळी अर्धाच.

वीज गेली तर बंद डब्यातल्या दाबाच्या फिल्टरमध्ये काही तासांतच ऑक्सिजन संपतो आणि आतलं पाणी नासतं. तसाच पंप चालू केला तर ते सगळं थेट माशांवर जातं. आधी व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर फिरवा, आतलं पाणी बाहेर काढा, वास गेला की मगच तळ्याकडे वळवा. आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप पहिल्याच खरेदीत धरा.